सव्वीस दिवसांची कादंबरी

मंडळातील एका धाकट्या मैत्रिणीने मला विचारले, “वहिनी, रशियन पुस्तके वाचावीत म्हणतात, पण ती फार जाडजूड असतात. आरंभ कोठून करू?” तिला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भगिनींनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये.

प्रथम नावांचे भय सोडावे. रशियात माणसाच्या नावापुढे बापाचे नाव लागते, आपल्यासारखेच. ॲना ग्रिगोर्येव्हना म्हणजे ग्रिगोरीची लेक ॲना. फरक इतकाच, की आपल्याकडे लग्न झाले की मधले नाव बदलून नवऱ्याचे येते. तिकडच्या बाईचे आडनाव बदलले तरी बापाचे नाव शेवटपर्यंत तिच्याजवळ राहते. मला ही रीत फार आवडली. घरातली लाडकी नावे आणखी निराळी असतात. एका चिठ्ठीवर सगळी लिहून ती पुस्तकात ठेवावी, म्हणजे अडत नाही.

आरंभ टॉलस्टॉयच्या लहान गोष्टींनी करावा. माणसाला किती जमीन लागते, ही त्याची गोष्ट दुपारच्या एका बैठकीत संपते. मग चेकॉव्हच्या कथा घ्याव्या. आणि त्यानंतर डोस्टोव्हस्कीची ‘जुगारी’, ज्या भाषेत हाती लागेल त्या भाषेत वाचावी. ती लहान आहे हे एक कारण. दुसरे असे, की ती पुरी झाली ती एका वीस वर्षांच्या मुलीमुळे. ती हकीकत इतिहासात नमूद आहे.

1864 साली डोस्टोव्हस्कीचा भाऊ वारला आणि भावाच्या मासिकाचे कर्ज याने अंगावर घेतले. सावकार दाराशी बसले. तेव्हा 1865 मध्ये स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रुबल दिले आणि लिहून घेतले, की 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी हातात पडली नाही तर पुढील नऊ वर्षे डोस्टोव्हस्की जे जे लिहील ते मी फुकट छापीन. इकडे ‘गुन्हा आणि शिक्षा’ मासिकातून चालूच होती. ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची एक ओळ लिहून झालेली नव्हती.

4 ऑक्टोबरला शॉर्टहँड शिकलेली ॲना कामावर आली. मजुरी ठरली पन्नास रुबल. वडील त्याच वर्षी वारले होते. स्वतःच्या कमाईची तिला हौसही होती आणि गरजही. दिवसा तो सांगे, ती लिहून घेई. रात्री घरी बसून ते सुवाच्य अक्षरात उतरवी. सव्वीस दिवसांत, 29 ऑक्टोबरला, कादंबरी पुरी झाली. मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावातच नव्हता, आणि त्याचा कारकून हस्तलिखित घेईना! पण ॲनाच्या आईने अगोदरच वकिलाचा सल्ला विचारून ठेवला होता. त्याप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन रीतसर पावती घेतली. नऊ वर्षांची गुलामी त्या पावतीने टळली.

15 फेब्रुवारी 1867 रोजी दोघांचे लग्न झाले. पुढली चार वर्षे परदेशात गेली, आणि ती वाचताना जीव कासावीस होतो. नवरा जुगारी, हिने आपले दागिने, लुगडीलत्ती गहाण टाकली. 1868 साली जिनिव्हात पहिली मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. 1871 नंतर मात्र तो जुगाराला शिवला नाही.

पुष्कळजण ॲनाबाईंचे वर्णन त्यागमूर्ती म्हणून करतात. मला ते पुरेसे वाटत नाही. मायदेशी परतल्यावर त्यांनी काय केले पाहा. कागदाचा भाव, छपाईचा दर, दुकानदाराचे कमिशन यांची स्वतः चौकशी केली, आणि 1873 च्या जानेवारीत नवऱ्याची एक मोठी कादंबरी घरूनच प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रात जाहिरात आली त्या सकाळी नवरा, रात्रभर लिहिणारा, झोपलेला होता. दुकानाचा माणूस आला, त्याने जास्त कमिशन मागितले. बाईंनी दिले नाही. त्या दिवसात 115 प्रती खपल्या, त्याही रोखीने. आपल्यापैकी ज्या पापड-मसाल्याची विक्री करतात त्यांना ही घासाघीस निराळी समजावून सांगायला नको. कर्ज फिटले ते या हिशेबी वृत्तीने, नुसत्या सोसण्याने नव्हे.

1881 साली डोस्टोव्हस्की गेला तेव्हा बाईंचे वय पस्तिशीच्या आत होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्याची पुस्तके छापली, कागदपत्रे जपली, आठवणी लिहिल्या. 1918 मध्ये याल्टा येथे त्या वारल्या. आठवणींचे पुस्तक 1925 साली निघाले.

‘ब्रदर्स करामाझव्ह’ ही त्याची शेवटची कादंबरी. ती फार मोठी आहे, एका पावसाळ्यात पुरी झाली तरी पुष्कळ. ती हाती येईल तेव्हा अर्पणपत्रिकेचे पान घाईने उलटू नका. त्यावर ॲना ग्रिगोर्येव्हना यांचे नाव आहे.