वाघीण, श्वान आणि दोन सरकारें

श्वानांच्या साहाय्यानें मृगया करण्याची चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य नृपति सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें तिला स्थान आहे. त्या काळीं शिकारीस अनुज्ञा कोणाची, हा प्रश्न राजाच्या शब्दानें मिटत असे. आतां सत्ता दोन झाल्या, आणि २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यानें तो प्रश्न साऱ्या देशापुढें मांडला.

१९३५ च्या कायद्यानें वन्य पशुपक्ष्यांचें रक्षण प्रांतांकडे सोंपविलें. १९५० च्या राज्यघटनेनेंही तो विषय राज्यांच्याच यादींत ठेविला. परंतु रानांना प्रांतांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून कांहीं राज्यांनीं ठराव करून संसदेस अधिकार दिला व १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. महाराष्ट्रानेंही तो स्वीकारिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें हा विषय समवर्ती यादींत गेला. तथापि मनुष्यास घातक ठरलेल्या वाघास मारण्याची अनुज्ञा देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडेच राहिला. कार्यपद्धति मात्र केंद्राचें व्याघ्र संवर्धन प्राधिकरण घालून देऊं लागलें.

पांढरकवडा व राळेगांव भागांत 'अवनी' वाघिणीनें तेरा माणसें मारल्याचें सांगण्यांत आलें. प्रथम बेशुद्ध करावें, न साधल्यास मारावें, असा हुकूम निघाला. सप्टेंबर २०१८ मध्यें नागपूर खंडपीठानें व मागून सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हस्तक्षेप नाकारला. शोधासाठीं हत्ती आले, आणि केन कोर्सो या इटालियन जातीचीं दोन कुत्रींही आणलीं गेलीं. शेवट मात्र २ नोव्हेंबरच्या रात्रीं बोराटीजवळ बंदुकीनें झाला. केंद्रांतील मंत्री मनेका गांधी यांनीं राज्यास जाहीर दोष दिला, राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनीं आपल्या खात्याची बाजू घेतली. पुढें प्राधिकरणाच्या चौकशी समितीनें कार्यपद्धतीचा भंग झाल्याचा अहवाल दिला.

या वादांत दोहों बाजूंस अंशतः सत्य आहे. ज्याच्या शेजारचा गुराखी मेला, त्या गांवकऱ्यास दिल्लीच्या उत्तराची वाट पाहत बसावयास सांगणें निर्दयपणाचें होय; म्हणून निर्णय जवळच्या सत्तेनें घ्यावा हेंच योग्य. परंतु भयानें व संतापानें घेरलेल्या सत्तेला आपल्याच कृत्याचें माप स्वतः ठरवूं देणेंही तितकेंच अनिष्ट. हुकूम राज्याचा, रीत केंद्राची, ही वांटणी मुळांत शहाणपणाची आहे. ती कागदावरून रानांत उतरली नाहीं, हें खरें दुःख. तिच्या दोन बछड्यांना मात्र राज्य कोणतें आणि केंद्र कोणतें, हें कळण्याचें कारण नव्हतें.