बनारसचे मिश्र गाणे

गाण्याच्या प्रांतात सोवळेओवळे पाळावयाचे ठरविले, तर बनारसच्या ठुमरीला पंगतीत पान मिळणे कठीण. तिच्या अंगावर अनेक घरांचे रंग आहेत. लखनौच्या कथकातील बोलांची लाडीगोडी, ख्यालाची आलापी, पंजाबच्या मातीतून आलेल्या टप्प्याच्या ताना, मिर्झापूरकडची कजरी, चैत्रातल्या चैतीचे आर्जव आणि फाल्गुनातल्या होरीची धांदल, असे सारे तिच्यात येऊन मिळाले आहे. ज्या रागांत ती विशेष रमते, त्या पिलू, काफी, खमाज, तिलंग आदी रागांना शास्त्रकारांनी क्षुद्र प्रकृतीचे राग म्हटले. तरीही हे गाणे टिकले, आणि बनारसची शीव ओलांडून थेट मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचले. हे मिश्रण कोणी केले आणि ते कसे ऐकावे, हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

ठुमरीला पहिली प्रतिष्ठा लखनौच्या दरबारात मिळाली. तिथली ठुमरी नाचाला बांधलेली होती. तिच्यात लय चपळ असे आणि अक्षरे तालाशी खेळत. १८५६ साली इंग्रजांनी नवाब वाजिद अली शाह यांचे राज्य खालसा केले. नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले आणि लखनौच्या गाण्याला नवे आश्रय शोधावे लागले. बनारसला रईसांच्या कोठ्या होत्या, देवळांचे उत्सव होते, आणि चौक व दालमंडीच्या गल्ल्यांत गाणे हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, अशा गायिकांची घरे होती. तिथे ठुमरीने आपली चाल बदलली. लय संथ झाली, चौदा मात्रांच्या दीपचंदीसारख्या तालांत ती विसावली आणि नाचापासून हळूहळू सुटी होऊन बसून गाण्याची वस्तू बनली. या रीतीला 'बोल बनाव' म्हणतात. ओळ एकच असते, अक्षरे तीच असतात. परंतु प्रत्येक आवर्तनात स्वरांची वाट निराळी. जवळ येण्याची साधी विनंती एकदा काकुळतीने येते, एकदा रुसव्याने येते, तर एकदा टोमण्याच्या सुरात येते. अर्थ शब्दकोशातला राहत नाही. तो गायिकेच्या गळ्यात दर वेळी नव्याने घडतो.

या रीतीच्या प्रसारात एका मराठी राजघराण्याचा धागा आहे. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांचे पुत्र भैयासाहेब गणपतराव यांची आई चंद्रभागा ही गायिका होती. गादीचा वारसा भैयासाहेबांच्या वाट्याला यावयाचा नव्हता. गाण्याचा मात्र पुरेपूर आला. हार्मोनियमसारखे परदेशी वाद्य हाती घेऊन त्यांनी त्यातून ठुमरीची नाजूक वळणे काढली. दरबार सोडून ते पूर्वेकडे बनारस, गया, कलकत्ता असे हिंडत राहिले. बनारसचे मौजुद्दीन खाँ हे त्यांचे शिष्य, आणि गौहरजानसारख्या विख्यात गायिकेनेही त्यांची तालीम घेतली. राजाचा मुलगा, गायिकेची कूस, विलायती पेटी आणि पुरबी बोली अशा मेळातून हे गाणे वाढले.

मात्र हे मिश्रण म्हणजे वाटेल ते वाटेल तिथे घालणे नव्हे. पिलूत दुसऱ्या रागाची छटा येते, ती शब्दाने मागितली म्हणून. आणि आलेली छटा क्षणभर थांबून परत मूळ घरी जाते. ती परतली नाही तर रसिक मान फिरवतात. टप्प्याच्या झपाट्याच्या ताना बनारसच्या ठुमरीत येतात त्या लहान मुरकीचे रूप घेऊन, ओळीचा श्वास न तोडता. चैती आणि कजरी या मूळच्या खेड्यांतल्या ऋतुगीतांना तर तिने मैफलीत बरोबरीची जागा दिली. पण त्यांची बोली बदलली नाही, त्यांची ग्रामीण टेकही पुसली नाही. शेवटी तबलजी केरव्याच्या अंगाने लग्गी धरतो, गाणारी मुखड्याची ओळ घोळवीत राहते, आणि लग्गीचा सारा खळाळ ओसरून मूळ संथ लयीवर सम येते. मोकळीक आणि परतीची शिस्त या दोहोंच्या तोलावर हे गाणे उभे आहे.

मिश्रण ही एकट्या बनारसचीच मिरास नव्हे. इंग्लंडात १९६० नंतरच्या दशकात रॉक संगीतातील तरुणांनी जाझ, लोकगीत आणि युरोपचे अभिजात संगीत एकत्र आणण्याचा ध्यास घेतला. 'किंग क्रिमझन' या मंडळींची १९६९ सालची पहिली ध्वनिमुद्रिका या प्रयत्नाची ठळक खूण मानतात. या पंथाला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रागतिक, रॉक असे नाव पडले. तिथे सांधेजोड पुष्कळशी वाद्ये करतात; लांबलचक वादनाच्या मध्ये गळ्याचे गाणे अधूनमधून डोकावते, आणि म्हणून त्यातली गायनप्रधान गीते निवडून सुचविण्याचा रसिकांना छंद लागतो. बनारसला हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सारंगी आणि तबला गळ्याच्या मागून चालतात. जे काही एकत्र यावयाचे ते एका माणसाच्या आवाजात, एकाच ओळीत, ऐकणाऱ्यांसमक्ष एकत्र येते.

हाच गुण मराठी नाटककारांना आणि नटांना उपयोगी पडला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'त साकी, दिंडी आणि कीर्तनी वळणाच्या चाली होत्या. पुढे १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे स्वतः हार्मोनियमचे मातबर वादक. त्यांनी पुरबी ठुमरी, दादरा आणि कजरी यांची वळणे मराठी शब्दांवर चढविली. प्रेक्षकांना ती परकी वाटली नाहीत, कारण ती शब्दाला धरून होती. १९१९ साली गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातील पदांच्या चालींसाठी बालगंधर्वांनी पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्याकडे धाव घेतली. सुंदराबाई लावणी जितक्या ताकदीने गात, तितकीच ठुमरीही. सिंधूच्या दुःखाला महाराष्ट्रात जो सूर मिळाला, त्यात एका व्यावसायिक गायिकेच्या विद्येचा मोठा वाटा आहे.

त्याच १९१९ साली बनारस येथे अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा ध्यास होता. रागांची व्यवस्था लावावी, विखुरलेल्या बंदिशी लिहून ठेवाव्यात, संगीत सुशिक्षितांच्या घरांत यावे, हे त्यांचे कार्य थोर होते. त्यावाचून पुष्कळ विद्या लोपली असती. तथापि या नव्या व्यवस्थेच्या काळात संगीताला कुलीनतेचा दाखला आवश्यक होऊ लागला, आणि ज्या घरांतून विद्या आली त्याच घरांची दारे लोकांना नकोशी झाली. चाल हवी, पण चाल देणारी नको, असा हा विचित्र न्याय होता.

नभोवाणीही या न्यायाला अपवाद राहिली नाही. १९४६ च्या सुमारास, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना प्रवेश नाकारण्याचे धोरण आले, आणि त्याचा घाव पिढीजात गायिकांवर पडला. पुढे हे बंधन सैल झाले; त्याच नभोवाणीने या गायिकांचे आवाज जतनही केले. परंतु मधल्या काळात कित्येकींनी नावामागचे 'बाई' टाकून 'देवी' किंवा 'बेगम' लावले. रसूलनबाईंनी मात्र ते 'बाई' अखेरपर्यंत सोडले नाही. १९५७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत त्यांचे घर जळाले. १९७४ साली त्या गेल्या. सन्मान आणि विध्वंस यांत अवघी बारा वर्षे होती.

बनारसच्या गाण्याशी ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभ रसूलनबाईंपासूनच करावा. त्यांचा टप्पा आधी ऐकावा, मग ठुमरी. म्हणजे टप्प्याची धार ठुमरीत कशी बोथट न होता मऊ होते, हे कानाला समजते. त्यानंतर सिद्धेश्वरी देवींकडे वळावे. १९०८ साली बनारसला जन्मलेल्या या गायिकेने बडे रामदास यांच्याकडे शिक्षण घेतले होते आणि ख्यालाची भारदस्त बैठक ठुमरीत आणली. त्यांच्या गाण्यात आर्जवालाही एक ताठ कणा आहे. मणि कौल यांनी १९८९ साली त्यांच्यावर केलेला 'सिद्धेश्वरी' हा चित्रपटही आवर्जून पाहण्याजोगा आहे. बडी मोतीबाईंच्या ध्वनिमुद्रिका मिळाल्यास सोडू नयेत. आणि चैती, कजरी, होरी यांसाठी गिरिजा देवींना पर्याय नाही. जमीनदार घराण्यातील या मुलीला वडिलांनी पाचव्या वर्षी गाण्यास बसविले. १९४९ साली अलाहाबाद केंद्रावरून त्यांचे गाणे प्रथम प्रसारित झाले. आणि २०१७ साली निधन होईपर्यंत त्या गात व शिकवीत राहिल्या. ऋतू पाहून ऐकले तर अधिक बरे. श्रावणाच्या सरी चालू असता कजरी ऐकावी, चैत्राच्या उन्हात चैती. तिच्यातला विरह मग उसना वाटत नाही.

ऐकताना एक पथ्य पाळावे. प्रथम राग ओळखण्याची घाई करू नये. एक शब्द धरावा, तो किती वेळा परत येतो आणि दर वेळी काय घेऊन येतो, एवढेच पाहावे. रागांचे हिशेब आपोआप सुटतात.

गौहरजान यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. त्या काळच्या ध्वनिमुद्रिका पक्क्या होण्यासाठी जर्मनीत हानोव्हरला जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असे. जेमतेम तीन मिनिटांचे गाणे संपते, आणि खरखरीतून तो आवाज ठणकावून सांगतो की, हे गाणे माझे आहे. सोय कारखान्याची होती. पण जी नावे समाजाने पुढे पडद्याआड ढकलली, ती त्या सोयीमुळे गाण्याला चिकटून राहिली. ठुमरी ऐकणाऱ्याने तबकडी तिथवर फिरू द्यावी.