संदर्भ : कोविशिल्ड मान्य, प्रमाणपत्र अमान्य

द्वारका (नवी दिल्ली) : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोविशिल्ड लशीचा ब्रिटनने २२ सप्टेंबर २०२१ रोजी प्रवासासाठी मान्य लशींच्या यादीत समावेश केला, मात्र भारताचे लसीकरण प्रमाणपत्र स्वीकारले नाही. परिणामी दोन्ही मात्रा घेतलेल्या भारतीय प्रवाशांनाही तेथे १० दिवसांचे विलगीकरण बंधनकारक राहिले.

प्रत्युत्तरादाखल भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांसाठी तीन आरटी-पीसीआर चाचण्या व १० दिवसांचे विलगीकरण लागू केले. द्वारकेलगतच्या इंदिरा गांधी विमानतळावर उतरणारे लसीकृत ब्रिटिश प्रवासीही त्यातून सुटले नाहीत.

ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून कोविशिल्ड घेतलेल्यांसाठीची विलगीकरणाची अट रद्द केली. भारतानेही १३ ऑक्टोबरला निर्बंध मागे घेतले. ब्रिटनचे उर्वरित कोविड प्रवासनियम १८ मार्च २०२२ रोजी संपुष्टात आले.