टेडी ग्रेस : तीन वर्षं वाजलेला आवाज

'ओव्हर द रेनबो' हे गाणं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातलं, ज्युडी गारलँडचं. त्याच वर्षी बॉब क्रॉस्बीच्या बँडनंही त्याची तबकडी काढली होती. तिच्यावर ठळक नाव बँडप्रमुखाचं आणि गायिकेचं बारीक अक्षरांत : टेडी ग्रेस. आज आपण त्या बारीक अक्षरांबद्दल बोलणार आहोत.

नाव पुरुषी वाटतं, पण ही बाई. मूळ नाव स्टेला ग्लोरिया क्रॉसन, जन्म १९०५, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या आर्केडिया गावचा. गायला लागली तीही उशिरा, पंचविशी उलटल्यावर. आधी दक्षिणेत रेडिओवर, मग नाचाच्या बँडांबरोबर गावोगाव. १९३४ ते ३७ ती मॅल हॅलेटच्या बँडमध्ये होती.

त्या काळी बँडच्या गायिकेचं काम काय असे, तेही सांगतो. लोक नाचायला येत, गाणं ऐकायला नव्हे. गायिकेनं नटून कडेच्या खुर्चीवर बसायचं, पाळी आली की उठून कडवं म्हणायचं आणि परत बसायचं. तीन मिनिटांच्या तबकडीत तिच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट. आपल्याकडे त्याच तीन मिनिटांत गवयांना अख्खा ख्याल बसवावा लागे, पण तिथे निदान सगळी तबकडी गवयाची होती!

टेडीला स्वतःची तबकडी मिळाली ती १९३७मध्ये. डेका ही स्वस्त तबकड्यांची कंपनी. दुसऱ्यांच्या तबकड्या पाऊण डॉलरला, तर डेकाची ३५ सेंटला. तिथे १९४०पर्यंत तिनं जे गायलं, तीच तिची खरी कमाई. त्यातही १९३९चा ब्लूज गाण्यांचा संच जरूर ऐका. बेसी स्मिथच्या पिढीनं गाजवलेला हा प्रकार. बेसीला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. साथीला ट्रम्पेटवर चार्ली शेव्हर्स, क्लॅरिनेटवर बस्टर बेली, पियानोवर बिली काइल. तिघेही कृष्णवर्णीय, गायिका गोरी. लुईझियानातल्या एखाद्या रंगमंचावर हे चौघे तेव्हा एकत्र उभे राहूच शकले नसते. टेडी बेसीची नक्कल करत नाही. आवाज मोठा करत नाही, रडत नाही. शेजारीण ओट्यावर बसून आपलं दुःख सांगते, तसं गाते. मला तरी बॉब क्रॉस्बीच्या चकचकीत गाण्यांपेक्षा ही टेडी जवळची वाटते.

१९४०मध्ये या धंद्याला कंटाळून तिनं बँड सोडला. पस्तिशीतली बाई, परत येऊ शकली असती. पण मध्ये युद्ध आलं. ती महिलांच्या सैन्यदलात दाखल झाली आणि तिथेही तिला गाणंच दिलं गेलं. युद्धरोखे खपवायचे, तर गर्दी जमवायला गायिका हवी. सभांमागून सभा, विश्रांती नाही. त्यात आवाज गेला तो इतका, की बोलताही येईना. पुढे बोलणं परत आलं, गाणं कायमचं गेलं.

तोटा इथे दुहेरी झाला. पन्नाशीच्या दशकात लाँग-प्ले तबकड्या रुळल्या, जुन्या गायिकांना पुन्हा बोलावणं येऊ लागलं. अल्बर्टा हंटर तर ऐंशी उलटल्यावर परतली आणि गाजली. टेडीला बोलावून उपयोग नव्हता. जुने शौकीन तबकड्या जपत राहिले. बाईचं पुढे काय झालं, याचा पत्ता नव्हता.

ती कॅलिफोर्नियात राहत होती. १९९१मध्ये एक संशोधक शोधत शोधत तिच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा ती ८६ वर्षांची होती. १९९२च्या जानेवारीत ती गेली. तिची गाणी सीडीवर एकत्र आली, ती त्यानंतर काही वर्षांनी. त्या सीडीवर मात्र तिचं नाव ठळक अक्षरांत आहे.