जुन्या पिकअपची थरथर : आधी निदान, मग दुरुस्ती

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा कापूस आणि सोयाबीन पिकविणारा तालुका. याच तालुक्यातील जाम येथे नागपूर-हैदराबाद महामार्गापासून वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता फुटतो. पूर्वी ७ क्रमांकाने ओळखला जाणारा हा महामार्ग आता ४४ क्रमांकाचा आहे. शेतातील पांदण रस्त्यावरून कापूस घेऊन निघालेला पिकअप थोड्याच वेळात या महामार्गावर येऊन हिंगणघाटच्या बाजाराकडे धावू लागतो. खड्डे, चिखल आणि लागलीच मोठा वेग असा दुहेरी ताण सोसणारी गाडी आठ-दहा वर्षांची झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गाडी थरथरू लागते. टायर बदलले जातात, क्रॉस बदलले जातात, क्लचही उघडला जातो. थरथर मात्र कायम राहते. खर्च वाया जातो तो बहुधा निदान न करता सुटे भाग बदलल्यामुळे.

शक्तीचा प्रवास

टाटा २०७ किंवा महिंद्रा बोलेरो पिकअप यांसारख्या वाहनांत इंजिन पुढे असते आणि शक्ती मागच्या चाकांना दिली जाते. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ही शक्ती नेणारा लांब पोकळ दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. मागची चाके पाट्यांवर खाली-वर होत असल्याने शाफ्टला वाकता येतील असे सांधे लागतात. गॅरेजमध्ये त्यांना 'क्रॉस' म्हणतात. सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्या नावानेही हा सांधा ओळखला जातो.

या सांध्याचा एक गुणधर्म ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो कोनात फिरत असताना पुढच्या भागाची गती प्रत्येक फेरीत दोनदा वाढते व दोनदा घटते. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा सांधा तेवढ्याच कोनात असेल, तर हा चढउतार रद्द होतो. कोन बिघडले, की क्रॉस नवा असूनही गाडी थरथरते.

थरथर कोणाची?

ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेऱ्या मारते. डिफरन्शिअलचे प्रमाण चारास एक असेल, तर शाफ्ट त्याच वेळी सुमारे १,८०० फेऱ्या मारतो. म्हणून चाकाचा दोष सावकाश हेलकाव्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष बारीक, गुणगुणणाऱ्या थरथरीसारखा. पुढच्या चाकांचा दोष प्रामुख्याने स्टीअरिंगवर, तर मागच्या चाकांचा व शाफ्टचा दोष आसनाखाली व फरशीत उमटतो.

यानंतर मोकळ्या, सरळ रस्त्यावर तीन साध्या चाचण्या घ्याव्यात.

पहिली : गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिनच्या फेऱ्या वाढवाव्यात. थरथर आली तर इंजिन किंवा त्याची रबरी माऊंटिंग तपासावीत.

दुसरी : ज्या वेगाला थरथर येते, त्याच वेगाने चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. दोन्ही गिअरमध्ये थरथर सारखीच असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे.

तिसरी : त्याच वेगाला अॅक्सिलरेटर दाबून व सोडून पाहावे. दाबताच थरथर वाढत असेल, तर क्रॉस, शाफ्टचे कोन किंवा डिफरन्शिअलचा पिनियन यांवर संशय घ्यावा. काहीच फरक पडत नसेल, तर चाक किंवा शाफ्टचा तोल गेलेला असण्याची शक्यता अधिक. चालत्या गाडीचे इंजिन मात्र कधीही बंद करू नये. ब्रेकला मिळणारी मदत त्यामुळे थांबते.

स्वस्त कारणे प्रथम

या भागातील काळी माती चिकट. रिमच्या आतल्या बाजूस व शाफ्टवर तिचा थर वाळून बसला, तर एवढ्यानेही तोल बिघडतो. म्हणून पहिला उपाय गाडी खालून स्वच्छ धुण्याचा. त्यानंतर टायरचा फुगवटा, वाकलेले रिम आणि चाकांचे नट पाहावेत.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे जादा पाटा. अधिक माल नेण्यासाठी मागे पाटे वाढविले जातात. गाडीचा मागचा भाग उंचावतो आणि शाफ्टचे कोन बदलतात. अशी गाडी भरलेली असताना शांत धावते व रिकामी परतताना थरथरते. ढिले यू-बोल्ट किंवा पाट्यांचा तुटलेला मधला बोल्ट यांमुळेही मागचा अॅक्सल जागेवरून सरकतो.

शाफ्ट तपासताना गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून उभी करावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. शाफ्ट हाताने फिरवून व हलवून क्रॉसमध्ये ढिलेपणा आहे का ते पाहावे. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतील ग्रीस संपून बेअरिंग गंजले आहे असे समजावे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर पाहावे. ते फाटले असल्यास गाडी जागेवरून उचलतानाच घरघर जाणवते.

शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या सांध्यावर रंगाने खुणा कराव्यात. तो पूर्वीच्याच स्थितीत बसला नाही, तर दुरुस्तीनंतर नवीच थरथर सुरू होते. शाफ्टवर वेल्ड केलेली लहान पट्टी तोल साधण्यासाठी असते. ती निखळलेली असल्यास किंवा दांड्याला पोचा आला असल्यास शाफ्ट यंत्रावर बॅलन्स करून घ्यावा लागतो.

ही थरथर केवळ गैरसोयीची नाही. झिजलेला क्रॉस तुटला, तर सुटलेला शाफ्ट ब्रेकच्या नळ्या तोडू शकतो किंवा त्याचे पुढचे टोक रस्त्यात रुतू शकते. गिअर टाकताना 'टक्' असा आवाज येऊ लागला व थरथर दिवसागणिक वाढत असेल, तर माल भरण्यापूर्वी गाडी तपासून घ्यावी. महामार्गावर ती अचानक वाढल्यास गाडी हळूहळू कडेला घेऊन तेथेच थांबवावी.