दोन तपासण्यांच्या मधले दिवस

मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षे एका पतसंस्थेत हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात औषधांचा इतिहास वाचला. प्रस्तुत विषयाकडे मात्र पुस्तकांमुळे वळलो नाही, आईच्या आजारपणामुळे वळलो.

आईला हार्ट फेल्युअर होते. या शब्दाने हृदय बंद पडल्यासारखे वाटते, पण तसे नसते. रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते, अंगात पाणी साचते, पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते. एका वर्षात तिला तीनदा दवाखान्यात ठेवावे लागले. दर खेपेला सुयांनी पाणी उतरवायचे, गोळ्या लिहून द्यायच्या आणि ‘महिन्याने दाखवा’ म्हणायचे. मधल्या तीस दिवसांत आम्ही कशावर लक्ष ठेवायचे, हे कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

तिसऱ्या खेपेला एका सिस्टरने विचारले, ‘‘आजी, तोंडी लावायला काय घेता?’’ आई म्हणाली, ‘‘सांडगी मिरची. आणि पापड. भाजी अळणी लागते ना!’’ भाजीतले मीठ आम्ही इमानाने कमी केले होते आणि ते ताटाच्या डाव्या बाजूने परत येत होते. सिस्टरने दुसरी गोष्ट सांगितली ती अशी : रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचे आणि लिहून ठेवायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर तारखेची वाट न पाहता यायचे. पायाची सूज डोळ्यांना दिसण्याआधी काटा सांगतो.

इतकी साधी गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचायला तीन खेपा का लागल्या? या प्रश्नाचा माग काढत मी अठराव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत गेलो.

१७७५ मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे सूज उतरवणारा एक घरगुती काढा मत देण्यासाठी आला. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीने तो गुप्त ठेवला होता. (तिचे ‘मदर हटन’ हे नाव विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीने रूढ केले. विदरिंगच्या पुस्तकात ते नाही.) काढ्यातल्या वीसेक वनस्पतींपैकी गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्याने ओळखले. त्याच वनस्पतीच्या जातीवरून पुढे ‘डिजिटॅलिस’ हे औषधाचे नाव रूढ झाले. १७८५ च्या पुस्तकात त्याने स्वतःचे १६३ रुग्ण नोंदवले. ज्यांना गुण आला नाही तेही गाळले नाहीत.

विदरिंग रोज काही वेळ गरिबांना फुकट तपासत असे. तिथेच त्याने हे औषध प्रथम दिले आणि सुरुवातीला आपण मात्रा फार मोठी देत होतो, अशी कबुलीही दिली. हे औषध थोडे जास्त झाले तरी विष. म्हणून त्याने नियम घातला : लघवी, पोट, नाडी वा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवायचे. रुग्ण तर घरी असणार. म्हणजे ही लक्षणे ओळखण्याचे काम रुग्णाकडे आणि त्याच्या घरच्यांकडे आले. औषधासोबत घरी काय पाहायचे तेही सांगणे, ही बाह्यरुग्ण उपचारांची मूळ कल्पना मला इथे दिसते.

पुढच्या काळात औषधे वाढत गेली. १९२०च्या सुमारास लघवी वाढवणारी पाऱ्याची इंजेक्शने आली. ती घ्यायला डॉक्टर लागे. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइडची गोळी आली, आणि १९६०च्या दशकात फ्युरोसेमाइड. सूज उतरवण्याचा उपाय आता रुग्णाच्या खिशात आला. पण त्याच्यावरची नजर खिशात ठेवता येत नव्हती.

१९७५ मध्ये स्वीडनमधल्या गॉटेनबर्ग इथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांना बीटा ब्लॉकर दिल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा कमकुवत हृदयाला हे औषध घातक मानत. मृत्यू कमी होतात हे मोठ्या चाचण्यांनी ठाम सांगेपर्यंत १९९९ उजाडले. मात्र या गोळीला एक अट आहे. बिसोप्रोलॉल सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू करून, सोसेल तसे, काही आठवड्यांत दहा मिलिग्रॅमपर्यंत न्यायचे असते. म्हणजे कुणीतरी रुग्णाला पुनःपुन्हा बोलवायचे, नाडी आणि रक्तदाब बघायचा, मात्रा वाढवायची. नाहीतर सुरुवातीची चिमूटभर मात्राच वर्षानुवर्षे चालू राहते.

ही नजर कुणी ठेवायची? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे मायकेल रिच आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या २८२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय परिचारिकेचे समजावणे, आहाराचा सल्ला, गोळ्यांची फेरतपासणी आणि घरी गेल्यावरही विचारपूस. नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग पहिल्या गटात ५४, दुसऱ्यात २४. दर रुग्णामागे खर्चही कमी झाला. यात नवे औषध एकही नव्हते.

दुसरे उदाहरण डॉक्टरांच्या बाजूचे. अमेरिकेतच ‘इम्प्रूव्ह एचएफ’ या उपक्रमात हृदयरोगाच्या १६७ बाह्यरुग्ण दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कुणाला कोणते औषध द्यायला हवे होते आणि दिले गेले नाही, हे ज्याचे त्याला दाखवले, आठवणीसाठी तक्ते दिले. दोन वर्षांनी अल्डोस्टेरॉनविरोधी गोळी योग्य रुग्णांपैकी ३४ ऐवजी ६० टक्क्यांना मिळू लागली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. तरी हिशेबनीस म्हणून मला यात ओळखीची गोष्ट दिसते : ताळा केला की फरक सापडतो.

आपल्याकडचा ताळा केरळने मांडला. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांतल्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली. ज्यांच्या हृदयाचा जोर कमी होता, त्यांपैकी घरी जाताना शिफारस केलेली औषधे पूर्ण मिळालेले सुमारे २५ टक्केच. सगळ्या रुग्णांपैकी तीन वर्षांत सुमारे ४५ टक्के दगावले. ही औषधे तेव्हा काही नवी नव्हती.

आईची वही दोन वर्षे चार महिने चालली. त्या काळात ती एकदाच दाखल झाली. एरवी दोनदा काटा चढला तेव्हा फोन केला, लघवीची गोळी वाढवली, काम भागले. एका वहीवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. पण आधीच्या वर्षाच्या तीन खेपाही माझ्याच हिशेबात आहेत.

गेल्या महिन्यात शेजारचे काका याच दुखण्यातून घरी आले. त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी वाचले. पाच औषधे, पुढची तारीख एक महिन्यानंतरची. वजन कुठेच नव्हते. आमच्या माळ्यावरचा काटा काढून मी त्यांच्याकडे नेला. काका म्हणाले, ‘‘अहो, डॉक्टरांनी सांगितलं नाही.’’ मग कार्डाच्या पाठीमागे मी तारीख घातली आणि पहिला आकडा लिहिला : ६१ किलो ४००. काकूंना विचारले, डब्यात पापड आहेत का?