औंधचा नमस्कार आणि पंचकुल्याची पहाट

शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या या पंचकुल्यात पौषातली पहाट कशी असते, हे येथील मराठी माणसास सांगावयास नको. दाट धुके, बोचरी थंडी आणि सव्वासातनंतर उगवणारा, बहुधा न दिसणाराच सूर्य! आमच्यापैकी अनेकांचा नित्याचा व्यायाम याच दिवसांत प्रथम खंडित होतो. मग मार्चअखेरची कचेरीतील कामे येतात, मुलांच्या परीक्षा येतात, मे महिन्यात गावी जाणे होते, परतल्यावर गणपतीची तयारी सुरू होते. वर्ष सरते आणि ‘वेळच मिळत नाही’ एवढे एक वाक्य हाती उरते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना, या वाक्यास आमच्या इतिहासात काही उत्तर आहे काय, याचा शोध घ्यावासा वाटला.

व्यायामाची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला, तर पुण्यास १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ आणि दादरला १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर स्थापन झाले. परंतु तालमीस उस्ताद हवा, आखाड्याची माती हवी, जोडीदार हवा. मराठी माणूस नोकरीनिमित्त गाव सोडून बाहेर पडला आणि हे तिन्ही मागे राहिले. बदलीच्या हुकुमाबरोबर ट्रंका निघाल्या. तालीम काही ट्रंकेत मावली नाही.

अशा काळात औंध संस्थानातून एक निराळे उत्तर पुढे आले. संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी तरुणपणी युरोपातील प्रसिद्ध शक्तिपटू सँडो याच्या पद्धतीची साधने आणवून सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींचे उदाहरण पाहून ते सूर्यनमस्काराकडे वळले. सूर्यनमस्कार जुनेच होते. स्वतः समर्थ रामदास ते घालीत, असे परंपरा सांगते. बाळासाहेबांनी त्यांस घराघरांत नेले. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालू लागली, संस्थानातील शाळांत ते सक्तीचे झाले आणि १९३८ मध्ये लंडनहून त्यांवरील इंग्रजी पुस्तक निघाले, तेव्हा बाळासाहेब सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

हे गृहस्थ रिकामे होते, असे मात्र कोणी समजू नये. १९०९ पासून राज्यकारभार त्यांच्या शिरावर होता. ते चित्रे काढीत, कीर्तने करीत. त्यांनी औंधास संग्रहालय उभारले आणि गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. ही सारी कामे सांभाळूनही नमस्कार टिकले. याचे कारण केवळ मनोनिग्रहात शोधावे, असे आम्हांस वाटत नाही. नमस्कारास देहाएवढी जागा पुरते, साधन लागत नाही, वेळ ठरलेली असते आणि घरची माणसे सोबत असतात. चुकण्याची निमित्तेच त्यांनी कमी करून टाकली होती.

या छंदाची थट्टाही झाली. आचार्य अत्र्यांनी १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक लिहून नमस्काराच्या वेडावर साऱ्या महाराष्ट्रास हसविले. ती थट्टा ध्यानी ठेवण्याजोगी आहे. संख्येचा हट्ट धरणारा उत्साह हास्यास्पद होतो आणि लवकर थकतोही.

बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजनैतिक प्रतिनिधी म्हणून नैरोबी, गंगटोक, कैरो, लंडन अशा ठिकाणी राहिले. पुढे त्यांनीही सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. घराण्याचे राज्य गेले, गाव दूर राहिले, बदल्या तर होतच राहिल्या. तरी वडिलांनी दिलेली ही शिदोरी त्यांनी टाकली नाही. परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या आम्हां मंडळींस हा दाखला अधिक जवळचा वाटतो.

२०१६ च्या २१ जूनला चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलात आंतरराष्ट्रीय योगदिनाचा मुख्य राष्ट्रीय सोहळा झाला. हजारो माणसे एका वेळी आसने करीत होती. तो दिवस मोठाच. पण खरी परीक्षा २२ जूनची असते. गणेशचतुर्थी पंचांगात छापलेली असते, म्हणून ती आम्ही विसरत नाही. व्यायामास तिथी नसते. ती घरोघरी आपणच ठरवावी लागते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी आम्ही मोठा संकल्प सुचवीत नाही. उठल्यावर, चहापूर्वी, घरातील दोघांनी मिळून प्रकृतीला झेपतील एवढेच नमस्कार घालावेत. गडबडीच्या दिवशी बारांचे तीन झाले तरी चालतील, तिनांचे शून्य होऊ देऊ नये. बाहेर धुके असले, तरी सूर्य त्यामागे उगवलेलाच असतो.